उपास धरावा

मी लिहिलेलं आजवर एकच काही छापून आलंय. एक पान, तेही एकाच बाजूनं. वर मोठ्या अक्षरात 'मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी : रुग्णांसाठी सूचना' आणि खाली नऊ ओळी. त्यातली तिसरी ओळ अशी होती : 'तपासणीच्या आदल्या दिवशी उपास धरावा.' या ओळीनं माझ्या भावाचा जीव घेतला असं मी म्हटलं की घरातले मला गप्प करतात. आजार काय ओळीनं होतो का, म्हणतात. ते खरंच आहे. पण मी म्हणते तेही खरं आहे, आणि ते नीट सांगायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल.

सोलापुरातल्या एका खासगी दवाखान्यात मी एंडोस्कोपीची टेक्निशियन आहे. गावाकडून येणारे लोक आमच्या खोलीला दुर्बिणीची खोली म्हणतात. डॉक्टर नळी आत सरकवतात, पडद्यावर आतडं दिसायला लागतं, आणि मी बाजूला उभी राहून कधी चिमटा देते, कधी सुई, कधी पेशंटचं पोट हातानं दाबून नळीला वाट करून देते. पण माझं खरं काम नळी धुण्याचं. आतून ब्रश फिरवायचा, हवा भरून कुठं गळती नाही ना बघायचं, औषधात बुडवून ठेवायची, वाळवायची. यात हयगय झाली तर एकाचं दुखणं दुसऱ्याच्या पोटात जातं. त्यामुळे या बाबतीत मी कुणाचंही चालू देत नाही. नव्या पोरींना मी खाष्ट सासू वाटते. वाटू दे.

त्या सूचनांच्या पानाचा उद्योग मी आपणहून अंगावर घेतला होता. आधीचं पान कुणीतरी इंग्रजीवरून करून पाठवलेलं होतं. त्यात 'अल्पावशेषी आहार' आणि 'पारदर्शक द्रवपदार्थ' असले शब्द होते. आमचे पेशंट कुठले? कुणी अक्कलकोटच्या पलीकडून कानडी बोलत येणारे, कुणी चिंचोळी एमआयडीसीतून पाळी संपवून तसेच येणारे, बाकीचे माझ्यासारखे कोरड्या मुलखातले. ते तो कागद उजेडात धरायचे, उलटा करून बघायचे आणि घडी घालून खिशात ठेवायचे. आतडं रिकामं आणि स्वच्छ नसेल तर आत काही दिसत नाही, आणि आमच्याकडं दर दोन दिवसांनी कुणीतरी भरल्या पोटानं यायचं. मी डॉक्टरांना म्हटलं, आपल्या लोकांना कळेल असं मी लिहून देते. त्यांची घरची भाषा तेलुगू, मराठी शाळेत शिकलेली. त्यांनी माझं पान वाचलं, आता कळेल सगळ्यांना, असं म्हणाले आणि सही केली. नवी पेठेतल्या एका प्रेसमध्ये मी स्वतः उभी राहून ते छापून घेतलं. 'पारदर्शक द्रवपदार्थ' खोडून 'उपास धरावा' लिहिताना माझी मान किती ताठ झाली असेल ते माझं मला माहीत.

आता यात काय चुकलं ते मराठी घरात वाढलेल्या पोराला विचारलं तरी सांगेल. उपाशी राहणं वेगळं आणि उपास धरणं वेगळं. उपास म्हणजे साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू. मीही जन्मभर एकादशीला खिचडीच्या दोन ताटल्या रिचवत आले आहे. पण दवाखान्यात आम्ही दिवसभर 'पेशंट उपाशी आहे का' म्हणत असतो, आणि तो शब्द डोक्यात इतका बसला होता की त्याच्या शेजारचा शब्द लिहिताना गावातला अर्थ मला आठवलाच नाही.

तरी कुणाचं फार बिघडलं नसतं. जो पेशंट आधी दाखवायला यायचा त्याला मी तोंडानं सांगायचेच, की उद्या फक्त पाणी, शहाळं, गाळलेलं सरबत, आणि आतडं धुवायच्या पावडरचं पाणी सगळं संपवायचं. कागद नंतर हातात द्यायचे. तोंडी न सांगता नुसता कागद फक्त एकालाच मिळाला. माझ्या थोरल्या भावाला.

आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. आमच्या घरी मेंढरं. अण्णा हुशार होता, माझ्यापेक्षा नक्कीच. पण कळपामागं एकानं जायला हवं होतं, आणि तो म्हणाला की मी जातो, हिला शिकू द्या. एवढ्या एका वाक्यात तो विषय संपला होता, घरात त्यावर भांडण सुद्धा झालं नाही. मी सोलापुरात हॉस्टेलला आले आणि तो पावसाळा संपला की मेंढरं घेऊन लांब लांब जायचा, लोकांच्या रानात खतासाठी कळप बसवायचा. मेंढीच्या पोटावर नुसता हात ठेवून ती कधी विणार ते तो सांगायचा. मी टेक्निशियन झाल्यावर मात्र त्यानं माझी थट्टा मांडली. दुर्बीण लांबचं बघायला असते, तुमचे डॉक्टर जवळच्या पोटात दुर्बीण लावून काय बघतात, असं तो चारचौघांत विचारायचा, आणि मी चिडले की खूश व्हायचा.

त्याला परसाकडं जाताना रक्त पडतं हे मला वहिनीनं फोन करून सांगितलं. तो मूळव्याध म्हणत होता आणि कुठल्यातरी झाडाचा पाला खात होता. मी त्याला फैलावर घेतलं, डॉक्टरांची वेळ ठरवली, आणि आमच्या गावावरून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोबरोबर पावडरची पाकिटं आणि तो कागद पाठवून दिला. फोनवर एवढंच सांगितलं : "कागदात लिव्हलंय तसं कर. दुसऱ्या कुनाचं ऐकू नगंस. कागद मीच लिव्हलाय." वहिनी नंतर सांगत होती की त्यानं तो कागद शेजारपाजाऱ्यांना बोलावून मोठ्यानं वाचून दाखवला. आमच्या बायनं लिहिलाय, छापून आलाय, म्हणाला.

तपासणीच्या दिवशी तो पांढरं धोतर, लाल फेटा आणि कपाळाला भंडारा लावून आला. फेटा काढायला तयार नव्हता, मी काढायला लावला. गुंगीचं इंजेक्शन दिलं, डॉक्टरांनी नळी घातली, आणि पडद्यावर मला पांढरे, पिवळे दाणे दिसले. पुढं गेलो तर आणखी. पाणी मारलं, ओढून घेतलं, तर ओढायची वाटच बुजली. राजगिऱ्याचे दाणे काचेला चिकटले की झालं. डॉक्टरांनी अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन नळी मागं घेतली. काय खाऊन आलेत हे, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी खरंच म्हणाले की मला माहीत नाही.

गुंगी उतरल्यावर अण्णानं सगळं मोकळेपणानं सांगितलं. आदल्या दिवशी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, दुपारी रताळं, संध्याकाळी राजगिऱ्याचे लाडू. भाकरीला हात सुद्धा लावला नाही. उपास अगदी कडक धरला होता. पावडरचं पाणी त्यानंतर प्यायला, सगळं. बाजूच्या खाटेवरचा माणूस हसला, सिस्टर हसल्या, डॉक्टर कपाळाला हात लावून हसले. मला त्याच क्षणी कळलं काय झालंय ते. आणि मी काय केलं? मी सगळ्यांच्या देखत त्याच्यावर ओरडले.

"एकादशी आन् दुप्पट खाशी. अण्णा, तुला अक्कल हाय का न्हाय? कागद वाचता येत न्हाय तुला?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. कागद त्याच्या बंडीच्या खिशात होता. त्याचा हात खिशाकडं गेला, तिथं जरा थांबला आणि मागं आला. मग तो डॉक्टरांकडं बघून म्हणाला, "चुकलं माजं, डाक्टर."

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं होतं.

आतडं किती स्वच्छ होतं याला आम्ही गुण देतो. आतड्याचे तीन भाग, प्रत्येकाला शून्यापासून तीनपर्यंत. तो तक्ता मी भरते. खालच्या भागाला एक, वरच्या दोन्ही भागांना शून्य, असं मी माझ्या हातानं भावाच्या नावासमोर लिहिलं. डॉक्टर म्हणाले, खाली थोडी मूळव्याध दिसते आहे, पुढचं काहीच दिसत नाही, आठ दिवसांनी पुन्हा करू. मी तारीख लिहून दिली. अण्णाला एसटी स्टँडवर सोडायला मी रिक्षातून गेले. त्या वाटेवर मी म्हणू शकले असते की चूक तुझी नाही, माझी आहे. मी रस्त्यावरच्या गर्दीबद्दल बोलत राहिले. तोही व्हय व्हय करत राहिला.

आठ दिवसांनी तो आला नाही. मेंढरं खालच्या मुलखाला निघालीत, आल्यावर बघू, म्हणाला. मग मूळव्याधच निघाली की, आणखी काय बघायचंय, म्हणाला. गावात तेच पसरलं होतं, दुर्बीण घातली आणि मूळव्याध निघाली. मी आधी रागावले, मग रोज फोन केले, मग आठवड्याला एक, आणि मग दिवाळीत भेटू तेव्हा बघू असं मलाही वाटायला लागलं. रक्त थांबलंय असंही तो सांगत होता. ते खोटं होतं.

कागदाचं मी काय केलं तेही सांगते. दुसऱ्या दिवसापासून मी येणाऱ्या प्रत्येक पेशंटला बजावायला लागले, उपास म्हणजे साबुदाणा नव्हे बरं का. पण ती ओळ तशीच ठेवली. ओळ बदलायची तर डॉक्टरांकडं जाऊन कारण सांगावं लागलं असतं.

त्या वर्षात आमची खोली पार बदलली. नवी दुर्बीण आली, तिला एक बटण होतं. ते दाबलं की आतला उजेड निळसर हिरवा व्हायचा आणि आतड्याच्या अस्तरातल्या बारीक बारीक रक्तवाहिन्या उठून दिसायच्या. कुठं त्यांची वळणं बिघडलीत ते डॉक्टर मला दाखवायचे. मग कंपनीचा माणूस येऊन एक डबा जोडून गेला. डॉक्टर नळी मागं घेत असताना कुठं बारीकसा मांसाचा कोंब आला असेल तर तो डबा पडद्यावर त्याच्याभोवती हिरवी चौकट काढायचा आणि टिंग करायचा. माणसाची नजर दुपारनंतर थकते, डब्याची थकत नाही. पहिल्या दिवशी त्यानं एका फेसाच्या बुडबुड्याभोवती चौकट काढली तेव्हा मी त्याची खूप टर उडवली. पुढं आठवड्याभरात त्यानं डॉक्टरांच्या आधी दोन कोंब दाखवले, आणि मी टर उडवायची सोडली.

डॉक्टर स्वतः काही महिने बाहेर जाऊन नवं काम शिकून आले होते. पूर्वी ज्याच्यासाठी पोट फाडावं लागायचं असा सुरुवातीचा, अस्तरातच असलेला कॅन्सर ते आता नळीतूनच काढायचे. सुईनं अस्तराखाली निळं औषध सोडायचं, की तेवढा भाग तव्यावरच्या भाकरीसारखा टम्म फुगून वर यायचा. मग नळीच्या टोकाला असलेल्या केसाएवढ्या सुरीनं तो कडेकडेनं सोडवत आणायचा, एका तुकड्यात. तीन तीन तास चालायचं. मी सुई देत, सुरी देत, श्वास धरून उभी. असा पहिला पेशंट तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पायानं घरी गेला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना पेढे वाटले. सोलापुरात हे होतंय, आमच्या खोलीत होतंय, असं मी अण्णाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "लई भारी की." मी त्याला पुन्हा एकदा ये म्हटलं. येतो म्हणाला.

तो आला तेव्हा वहिनीनं त्याला हाताला धरून आणलं होतं. गालफाडं आत गेलेली, डोळ्यांत रक्ताचा थेंब नाही, पोट फुगलेलं. चार दिवस वारा सुद्धा सरला नव्हता. आतडं धुवायचं औषध देण्यासारखी स्थिती नव्हती, खालून पाणी देऊनच डॉक्टरांनी नळी घातली. अर्ध्या वाटेच्या जरा पुढं, गेल्या वेळी जिथून मागं फिरलो होतो त्याच्या पलीकडं, गाठीनं वाटच बंद केली होती. डब्यानं चौकट काढली. ती चौकट पडद्याच्या चारही कडांना जाऊन भिडली. टिंग, टिंग, टिंग वाजत राहिलं, शेवटी डॉक्टरांनी मला तो बंद करायला सांगितला.

त्यांनी त्या गाठीतून जाळीची नळी बसवली, म्हणजे निदान वाट मोकळी झाली. स्कॅनमध्ये यकृतावर डाग होते. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये विचारलं की वर्षापूर्वी दिसलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित आपल्यालाच काढता आलं असतं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, पण ते आलेच नाहीत ना परत. मी हो म्हटलं.

हो म्हटलं मी. आणि मग सगळीकडं तेच सांगत राहिले. पाहुणे भेटायला यायचे, विचारायचे, तू दवाखान्यात असून असं कसं झालं? मी म्हणायचे, अण्णानं हयगय केली, किती फोन केले मी. अण्णा खाटेवर पडून ते ऐकायचा. एकदा तर त्यानंच माझी बाजू घेतली, तिचा काय दोष न्हाय, म्हणाला. सलाइनमधून केमोची औषधं दिली, चार वेळा झाली, पाचवी खेप त्याला झेपली नाही. मग त्याला गावी नेलं. मी दर रविवारी जायचे. त्याच्याजवळ बसून, आज सांगते, आज सांगते, असं मनात म्हणायचे आणि त्याला मशीनच्या गोष्टी सांगून परत यायचे. त्याला त्या आवडायच्या. कॅप्सूलएवढा कॅमेरा गिळायचा आणि तो आतले फोटो काढत जातो हे ऐकून तो पोट धरून हसला होता, आणि हसल्यानं दुखलं म्हणून रडला होता.

तो गेला तेव्हा मी खोलीत नळी धूत होते.

दिवस झाले, पाहुणे गेले. मी आणि वहिनी मागच्या पडवीत शेंगा फोडत बसलो होतो. मी पुन्हा माझं तेच म्हटलं, की अण्णानं थोडं मनावर घेतलं असतं तर. वहिनी जन्मात मला उलटून बोललेली नाही. त्या दिवशीही तिचा आवाज चढला नाही.

"त्यांनी हयगय न्हाय केली, वन्सं. मी लई मागं लागले हुते. ते म्हनायचे, परत गेलो तर डाक्टर इचारनार, मागल्या येळी आसं का केलंस. मला खोटं बोलाया येत न्हाय. कागद दावावा लागंल. आन् कागद बायनं लिव्हलाय. तिची नोकरी जाईल."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. वहिनी खाली बघून फोडत राहिली. तिला कागदाचं सगळं माहीत होतं, पहिल्या दिवसापासून. पाहुण्यांसमोर मी तिच्या नवऱ्याला बोल लावत होते तेव्हाही माहीत होतं. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं मला उठवलं आणि म्हणाली, नका वन्सं, त्यांना आवडायचं न्हाय.

सोमवारी कामावर गेले. पहिला पेशंट आत घ्यायच्या आधी मी कागद घेऊन डॉक्टरांसमोर उभी राहिले. म्हटलं, ही तिसरी ओळ माझी चूक आहे. माझ्या भावानं जे खाल्लं होतं ते या ओळीमुळं खाल्लं होतं. मी तेव्हाच ओळखलं होतं आणि बोलले नाही.

त्यांनी चष्मा वर करून ओळ वाचली. "अरे हो," म्हणाले, "उपासाचं खातात ना लोक. माझ्याही लक्षात नाही आलं." त्यांनी पेन काढलं आणि ती ओळ खोडली. मग जरा विचार करून म्हणाले, तसंही आता एवढं उपाशी ठेवायला नको असं नव्या अभ्यासांतून दिसतंय. आदल्या दिवशी मऊ भात, दही चालतं, फक्त बिया आणि साली नकोत. सगळंच नवीन लिहून आणा, मी सही करतो. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पेशंट घ्या म्हणाले.

बाहेरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. मी कागद घेऊन डॉक्टरांकडं आत शिरले तेव्हा ती तिथंच वाकून चपला काढत होती. इतके दिवस टाळलेलं सगळं बोलून मी मागं वळले तेव्हा तिची दुसरी चप्पल अजून पायातच होती.